बदली न होण्याची सोय

ज्या गणिताच्या अचूकपणासाठी वृषाली देवतळे उभा जन्म झटली, ते निदान एकदा तरी चुकलेलं असावं, असं तिला त्या सकाळी अगदी मनापासून वाटलं.

राज्यभरच्या सरकारी नोकरांच्या बदल्यांचा निकाल नुकताच लागला होता. अमरावतीच्या कॉलेजात, स्टाफरूममध्ये पेढे फिरत होते. रसायनशास्त्राच्या धाबेकरबाईंना कितीतरी वर्षांनी नवऱ्याच्या गावी, लातूरला, बदली मिळाली होती आणि त्या हसता हसता पदराने डोळे पुसत होत्या. त्यांनी वृषालीच्या हातावर दोन पेढे ठेवले.

"एक तुमचा, एक तुमच्या यंत्राचा. आणि तुमचं काय झालं हो, मॅडम?"

वृषालीने फोन उघडला. तिच्या नावापुढे दोनच शब्द होते. बदली नाही.

"राहिली वाटतं," ती म्हणाली.

धाबेकरबाईंनी पेढ्यांचा डबा मिटला. मंत्र्यांची घोषणा सगळ्यांना पाठ होती, ती गावोगावच्या एसटी स्टँडवर रंगवलेली होती : 'दोघं मागा, एकत्र नांदा.' दोघांनी मागितलं की मिळतंच. मिळालं नाही, म्हणजे दोघांपैकी एकाने मागितलेलंच नाही. आणि हे कागदावर सिद्ध करून दाखवणारी बाई तर समोर पेढे हातात घेऊन उभी होती. तिने स्वतः मागितलं होतं. राहिला निरंजन.

वृषालीचा विषय ऑपरेशन्स रिसर्च. हे नाव ऐकून लोक हमखास फसत. तिच्या लग्नात निरंजनच्या मावशीने तिला बाजूला घेऊन पायातल्या फुगलेल्या शिरा दाखवल्या होत्या. "मावशी, मी चिरफाडवाली डॉक्टर नाही," तिने समजावलं होतं, "हाताशी आहे तेवढ्यात सगळ्यांचं चांगल्यात चांगलं कसं भागवायचं, त्याचं गणित करते." मावशी म्हणाल्या, "मग ते तर मीही करते."

पीएचडीला तिने बदल्यांचा प्रश्न घेतला तेव्हा तिच्या गाइडनी कपाळाला हात लावला होता. त्यात गणित कमी आणि वशिला जास्त, असं त्यांचं म्हणणं. पण वृषालीला तो प्रश्न सोडवेना आणि सोडवतही येईना. एकट्या माणसांच्या बदल्या सोप्या असतात. ज्याला जी जागा हवी ती त्याला द्या, आणि दोघांना एकच हवी असेल तर नियमाने ठरवा. घोळ सुरू होतो तो जोडप्यांमुळे. नांदेडच्या शिक्षिकेला नवऱ्याजवळ धुळ्याला आणायचं, तर धुळ्यातला कुणीतरी हलवावा लागतो. त्याची बायको साताऱ्यात. मग साताऱ्यातली एक जागा रिकामी करावी लागते, तिथल्या माणसाची बायको गोंदियाला. एक धागा ओढावा तर सगळं राज्य उसवत जातं. लाखभर माणसांच्या अशा जुळण्या इतक्या आहेत की साधा संगणक त्या एकेक तपासत बसला तर सूर्य विझेल, पण तपासणी संपणार नाही. म्हणून वर्षानुवर्षं काम चालायचं ते अंदाजाने, आणि अंदाज म्हटलं की वशिला आलाच.

याच काळात तिचं लग्न झालं. निरंजन रत्नागिरीच्या पॉलिटेक्निकमध्ये सिव्हिल शिकवायचा, ती अमरावतीला. दोन-तीन वर्षांत होईल बदली, असं सगळे म्हणाले होते. त्याला आता एकवीस वर्षं झाली. मुलगी ईशा आईजवळ वाढली आणि शिकायला बंगळुरूला गेलीसुद्धा. नवरा-बायको भेटत ते दिवाळीत, मे महिन्यात आणि जोडून सुट्ट्या आल्या की.

मग तिचाच विद्यार्थी, फरहान मुजावर, याने पुण्याला प्रकाशावर चालणारं यंत्र उभं केलं. काचेच्या बारीक तंतूचं कित्येक किलोमीटर लांब वेटोळं, आणि त्यात गरगर फिरणारे प्रकाशाचे लाखो ठिपके. एकेक ठिपका म्हणजे एकेक निर्णय : या माणसाला ही जागा, हो किंवा नाही. ठिपके एकमेकांना ढकलतात, ओढतात. जी मांडणी नियमांशी भांडते तिचा प्रकाश विझत जातो आणि जी सगळ्यांत कमी भांडते ती उजळत उजळत उरते. हे यंत्र जुळण्या तपासत बसतच नाही. तव्यावर टाकलेलं पाणी जसं आपोआप खोलगट जागी जाऊन थांबतं, तसं ते उत्तरात जाऊन थांबतं. त्या यंत्राला नियम कोणते घालायचे, हे वृषालीने ठरवलं, आणि त्या नियमांवर तिने आपलं प्रमेय सिद्ध केलं : जागा पुरेशा आहेत तोवर, ज्या जोडप्यातल्या दोघांचीही पहिली पसंती एकत्र राहण्याला आहे, ते जोडपं कधीही वेगळं राहणार नाही.

सरकारने बदल्यांसाठी ते यंत्र घेतलं तेव्हा आणखी एक गोष्ट तिने हट्टाने करून घेतली. पसंती प्रत्येकाने एकट्याने द्यायची. तालुक्याच्या कचेरीत एका बंद खोलीत, पडद्यासमोर. नवऱ्याने बायकोची किंवा बायकोने नवऱ्याची द्यायची नाही. निकाल लागला की सगळ्या पसंत्या पुसून टाकायच्या, कुणालाही, अगदी वृषालीलाही, त्या पुन्हा पाहता येणार नाहीत.

पहिल्या वर्षी बदल्यांच्या समितीवर असल्यामुळे तिला स्वतःला अर्ज करता आला नव्हता. दुसऱ्या वर्षी तिने केला. आणि हा निकाल.

दुपारी निरंजनचा फोन आला. "राहिली का? असू दे. बघू पुढच्या वर्षी." आवाज नेहमीचा, समजूतदार. गेली एकवीस वर्षं तो हेच वाक्य याच आवाजात बोलत होता. वृषाली नुसतं "हं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती पुण्याला गेली. फरहानने आणि तिने मिळून सगळे नियम पुन्हा घातले, काल्पनिक जोडपी बनवली, ज्यांचं उत्तर आधीच माहीत आहे अशी कोडी यंत्राला सोडवायला दिली. आपल्या यंत्रात चूक सापडावी म्हणून इतक्या चिकाटीने शोधणारी बाई फरहानने पाहिली नव्हती. आठवडा गेला. चूक सापडली नाही, जागाही पुरेशा होत्या.

"यंत्र बरोबर आहे, मॅडम," तो शेवटी म्हणाला. मग जरा घुटमळून, "सरांना विचारलंत का?"

विचारायचं होतंच. पण ती अमरावतीला परतली तेव्हा केबिनबाहेर एक बाई बसलेली होती. ज्योत्स्ना कुर्वे, मेळघाटच्या पायथ्याच्या एका ग्रामीण रुग्णालयात नर्स. नवरा नांदेडला सरकारी नोकरीत.

"बसा ना," वृषाली म्हणाली.

"बसायला नाही आले मॅडम, भांडायला आले," असं म्हणून ती बसली. "माझा नवरा दारू पीत नाही, काही नाही. फक्त हात. आधी हात, मग माफी. लग्नानंतर वर्षभरात मला इकडे नोकरी लागली आणि मी वाचले. दरवर्षी सांगायची, अर्ज केलाय, होत नाही. सासू सरकारला शिव्या द्यायची. बरं चाललं होतं आमचं."

"आणि आता?"

"आता एसटी स्टँडवर लिहून ठेवलंय ना तुम्ही. दोघं मागा म्हणून. त्यानं मागितली, मिळाली नाही. म्हणजे कुणी मागितली नाही?" तिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "रोज फोन. सासरचे येऊन बसलेत क्वार्टरवर. मॅडम, तुम्ही एकटीनं पसंती द्यायची सोय केली, म्हणून मी खरं सांगितलं. आणि तुमच्याच गणितानं ते माझ्या घरी जाऊन सांगितलं."

"पोलिसांत..."

"माहितीय मला पोलीस ठाणं कुठं आहे ते. जाईन तेव्हा जाईन. पण कधी जायचं ते मला ठरवू द्या ना."

ती गेल्यावर वृषाली खुर्चीत तशीच बसून राहिली. लाज वाटली, पण त्याहून जास्त तिला नवल वाटत होतं. पंचवीस वर्षं तिने या प्रश्नाकडे सगळ्या बाजूंनी पाहिलं होतं आणि ही बाजू तिला दिसलीच नव्हती. पेटीला तिने भक्कम कुलूप लावलं होतं, पण पेटीच काचेची होती. निकाल जितका अचूक, तितकं त्यातून आरपार दिसणार. जुनी, ढिसाळ, वशिल्याची पद्धत एक गोष्ट मात्र गुपचूप सांभाळत होती. 'बदली होत नाही' या तीन शब्दांच्या आडोशाला किती माणसं उभी होती कोण जाणे. त्यांतला एक रत्नागिरीत होता.

वृषाली रत्नागिरीला पोचली तेव्हा निरंजन घराच्या मागच्या पडवीत कापा फणस फोडत बसला होता. वर्ध्याचा माणूस, पण तेलाचा हात लावून विळीवर फणस असा सोलत होता की जन्मापासून कोकणात असावा. वृषाली त्याच्यासमोर पाटावर बसली.

"तू मागितली नाहीस."

त्याचा हात थांबला. "नाही."

"तुला माहीत नव्हतं मला कळेल ते?"

"घोषणा ऐकली होती. पण मंत्र्यांची घोषणा खरी असेल असं मला कुठून वाटणार? आणि तुझं प्रमेय मी कधी वाचलं नाही." तो तिच्याकडे पाहायला तयार नव्हता. "रागावून विचारतेयस का?"

"नाही. मला खरंच कळत नाहीये, म्हणून विचारतेय."

त्याने दोन गरे काढून ताटलीत ठेवले. "पहिली काही वर्षं फार वाईट वाटायचं. ईशा बोलायला लागली तेव्हा तर फारच. मग कधीतरी वाटेनासं झालं. कधी, ते मलाही सांगता येणार नाही. सकाळी चिऱ्यांच्या खाणीपर्यंत फिरून यायचं, दुपारी मुलांना शिकवायचं, संध्याकाळी जे सुचेल ते. तू येणार असलीस की चार दिवस आधीपासून मी खूश असतो. पण रोज? रोज आपल्याला जमेल का, हे कुणालाच माहीत नाही. मी त्या खोलीत बसलो, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला एकट्याला विचारलं, तुला काय हवंय. मी दाबलं, आहे तिथेच."

"आणि दुसरी पसंती?"

"तू असशील तिथे."

वृषाली विचारात पडली. "पहिलीत आणि दुसरीत अंतर किती?"

निरंजनला हसू आलं. "हे तुझं यंत्र विचारत नाही?"

"नाही. ते फक्त क्रम विचारतं."

"एवढंसं," म्हणून त्याने चिमटीत अंतर दाखवायचा प्रयत्न केला. पण बोलण्याच्या नादात पुन्हा तेल लावायचं राहिलं होतं, बोटांना चीक लागलेला होता. दोन्ही बोटं एकमेकांना चिकटली आणि काही केल्या सुटेनात. मग दोघंही हसले, आणि त्या हसण्यात वृषालीला अचानक रडू आलं. त्याला हाताने काही करता येत नव्हतं, म्हणून त्याने आपला खांदा तिच्या खांद्याला टेकवला.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "आणि तू? विचार करून मागितलीस?"

तिला आठवलं. प्रश्न पुरता वाचायच्या आधीच तिने उत्तर दाबलं होतं. "नाही," ती सावकाश म्हणाली. "एकवीस वर्षं तेच मागत होते, म्हणून तेच मागितलं."

संध्याकाळी तिने त्याला ज्योत्स्नाची गोष्ट सांगितली. आणि म्हणाली, "मला एक वाक्य लोकांसमोर बोलायचंय. तू मागितली नाहीस, हे नाही. मी अर्ज केला होता आणि मला बदली मिळाली नाही, एवढंच. बोलू?"

निरंजनला त्या वाक्याचा अर्थ लागायला क्षणभर लागला. "पण मग लोक म्हणतील यंत्र चुकतं. तुझ्या प्रमेयाचं काय?"

"प्रमेयाला काही होत नाही. ते खरंच राहील. माझं काय व्हायचं ते होईल."

"बोल," तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात एका दैनिकाची बातमीदार आली तेव्हा वृषाली ते वाक्य बोलली. "म्हणजे यंत्र चुकतं?" मुलीने विचारलं. "मी अर्ज केला होता. मला मिळाली नाही. याच्यापुढे मी काही सांगणार नाही." दुसऱ्या दिवशी मथळा आला : 'बदली यंत्राच्या जननीलाच बदली नाही!' चार दिवसांत ते महाराष्ट्रभर झालं. विधानसभेत प्रश्न विचारला गेला. पुण्याच्या एका परिषदेत तिचं मुख्य भाषण ठरलेलं होतं, ते 'पुढे ढकलण्यात' आलं. ज्या पुरस्कारासाठी तिच्या नावाची चर्चा होती तो दुसऱ्याच कुणाला गेला. स्टाफरूममध्ये धाबेकरबाईंच्या जागी आलेल्या सरांनी तिला मोठ्या सहानुभूतीने सांगितलं की संगणकाचं असंच असतं. ज्योत्स्नाचा मात्र फोन आला. "सासरचे गेले, मॅडम. सासू पुन्हा सरकारला शिव्या द्यायला लागली." आणि तिने फोन ठेवला.

फरहान स्वतः अमरावतीला आला. संतापलेला होता.

"मॅडम, तुम्ही खोटं बोललात."

"कोणता शब्द खोटा होता?"

"शब्द नाही हो! पण लोकांना वाटलं ते खोटं आहे ना? माझी सात वर्षं आहेत त्या यंत्रात."

"माझी पंचवीस," वृषाली म्हणाली. मग तिने त्याला सगळं सांगितलं. ज्योत्स्नाचं नाव तेवढं वगळलं, निरंजनचं वगळलं नाही. फरहान खाली मान घालून ऐकत राहिला.

"पण हे एकदाच चालेल," ती पुढे म्हणाली. "दरवर्षी मी माझं नाव पणाला लावत बसू शकत नाही. यंत्रातच धुकं घालावं लागेल. ज्या जोडप्यांनी खरंच मागितलंय, त्यांतली काही यंत्राने चिठ्ठी टाकून बाजूला ठेवायची. कोणती, ते कुणालाच कळणार नाही. असा नियम आहे हे मात्र सगळ्यांना जाहीर सांगायचं. मग कुणाची बदली राहिली, तर ती का राहिली हे कुणालाच छातीठोकपणे म्हणता येणार नाही."

"म्हणजे मुद्दाम चुका करायच्या?"

"हो."

"आणि ज्यांची खरंच राहील ते?"

"तेच तर," ती म्हणाली. "म्हणून धुकं कमीत कमी किती घातलं तर पुरेल, हे काढायचं. हा नवा प्रश्न आहे, फरहान. आजवर कुणी मांडलेला नाही."

नवा प्रश्न म्हटल्यावर फरहानचा राग कमी झाला. पावसाळाभर ते दोघं त्यावर बसले. धुकं अगदी पातळ असेल तर घरची माणसं म्हणणार, शंभरांत एखाद्याचीच राहते, ती नेमकी तुझीच कशी? दाट असेल तर यंत्राचा उपयोग काय? फरहानने या मापाला 'सासूची शंका' असं नाव दिलं, आणि पुढे त्यांच्या शोधनिबंधाच्या पहिल्या खर्ड्यातही ते चुकून तसंच राहिलं. समितीपुढे ती योजना मांडताना वृषालीला वाटलं होतं की मोठा विरोध होईल. पण अधिकाऱ्यांना ती फारच आवडली. 'चिठ्ठीत राहिलं' हे कारण त्यांनाही हवंच होतं.

पुढच्या जूनमध्ये निकाल लागला त्या सकाळी तिच्या फोनवर एक अनोळखी नंबर आला. हिंगोलीचे एक शिक्षक होते, सुभाष पतंगे. बायको सिंधुदुर्गात, मूल तिच्याजवळ.

"तुमच्या चिठ्ठीत आम्ही सापडलो ना, मॅडम?"

"शक्य आहे. नक्की मलाही सांगता येत नाही."

"मला येतं. आम्ही दोघांनीही मागितली होती."

"तुम्हाला त्यांचं कसं..."

"ती म्हणाली ना, मॅडम." त्याच्या दृष्टीने विषय तिथे संपला होता. "मुलगा मला फोनवाला बाबा म्हणतो. अजून एक वर्ष म्हणणार. कुणासाठी ते तरी सांगा."

वृषालीला ते सांगता येण्यासारखं नव्हतं. "माझ्यामुळे," ती म्हणाली. "निर्णय माझा होता. तुम्हाला राग येणं बरोबर आहे."

"राग तर येणारच," तो म्हणाला, आणि फोन कट झाला. ते बोलणं पुढे अनेक दिवस तिच्या मनातून गेलं नाही, आणि जावं असं तिला वाटलंही नाही.

मग तिने स्वतःचा निकाल उघडला. बदली नाही.

या वेळी तिने पडद्यावरचा प्रश्न दोनदा वाचून, विचार करून मागितली होती. पलीकडून निरंजनने काय मागितलं, ते तिने विचारलं नव्हतं. तिने त्याला फोन लावला.

"राहिली," ती म्हणाली.

"पाहिलं मी," निरंजन म्हणाला. "वृषाली, या वर्षी मी मागितली होती."

वृषाली खिडकीशी उभी होती. हे वाक्य तपासायची कुठलीही सोय आता जगात नव्हती. पसंत्या पुसल्या गेल्या होत्या, आणि निकालावरून काही सिद्ध होऊ नये याची व्यवस्था तिने स्वतःच्या हाताने केली होती. एखादा माणूस काही सांगतो आणि समोरचा ते खरं मानतो, याला गणितात काही नाव नाही. आपण पडताळा शोधायलाही लागलो नाही, हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं, आणि तिला त्याचंच मोठं कुतूहल वाटलं.

"मी अभ्यासरजा टाकतेय," ती म्हणाली. "रत्नागिरीला येते."

"किती दिवस?"

"ठरवलं नाही."

जन्मभर दुसऱ्यांची वेळापत्रकं बसवणाऱ्या बाईच्या तोंडून हे ऐकायची निरंजनला सवय नव्हती.

मग तो म्हणाला, "ये."